एकाआड एक विराम

“ऐका, आणि सांगा. हा आवाज आपलाच आहे ना, गुरुजी?”

मुक्ता सोनटक्के यांनी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर चित्र नव्हते, फक्त ध्वनी होता. वेदाचा घनपाठ सुरू झाला. पदे पुढे जातात, मागे वळतात, पुन्हा पुढे जातात. न शिकलेल्याला तो गुंता वाटतो, शिकलेल्याला वाट. मी डोळे मिटून दोन मिनिटे ऐकले. स्वराची उंची, गती, अनुदात्तावर किंचित खाली येणारा गळा, सारे ओळखीचे होते. मला शंका उरली नाही.

“माझाच,” मी म्हणालो. “मागच्या वर्षी पुण्याला म्हटला होता तो. त्या काचेच्या खोलीत.”

त्यांनी पिशवीतून टंकलिखित कागद काढला. ‘सदर ध्वनिमुद्रणातील आवाज माझा आहे’ असे एक वाक्य त्यात होते. मी चष्मा लावला, वाक्य वाचले आणि सही केली.

या गोष्टीला आता नऊ वर्षे होतील. महाविद्यालयातील संस्कृतचे अध्यापन संपवून मी नाशिकमध्ये एकटाच राहत होतो. पत्नी मालती जाऊन काही वर्षे झाली होती. मुलगा मेलबर्नला होता. त्याचा दर रविवारी फोन येई आणि प्रकृतीपासून सुरू होऊन हवामानापर्यंत संपे. अशा काळात ‘श्रुतिधन’ नावाच्या पुण्याच्या कंपनीतील लोक आले. वेदपाठ मोबाइलवर ऐकवणारे एक ॲप त्यांनी काढले होते. त्यांनी माझे पठण मुद्रित केले आणि त्याचे हक्क करारान्वये स्वतःकडे घेतले. हक्क म्हणजे काय, याचा मी फारसा विचार केला नाही. कोणीतरी ऐकू इच्छितो, एवढेच मला पुरेसे वाटले होते.

कंपनीचे यंत्र प्रत्येक मुद्रणाचा जणू अंगठ्याचा ठसा घेऊन ठेवी, आणि तसाच ठसा इंटरनेटवर इतरत्र दिसला की तिथे आपोआप कॉपीराइटची तक्रार जाई. मुक्ताबाई कंपनीच्या कायदा विभागात होत्या. “यंत्राला पाय नाहीत,” त्या हसत म्हणाल्या, “म्हणून जिथे वाद होतो तिथे मला पाठवतात.”

मी चहा ठेवायला उठलो. घरात दुसरे कोणी नाही हे त्यांच्या ध्यानात आले असावे; त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आले आहे का, हे विचारून त्यांनी स्वतःच ते किसले. कप हातात घेतल्यावर मी सहज विचारले, चोरी कोणी केली?

त्या म्हणाल्या, “प्रवरासंगमाजवळ टोके म्हणून गाव आहे. तिथल्या अपर्णा पंचाक्षरी नावाच्या बाई एक चॅनल चालवतात. आवाज वडिलांचा आहे असं म्हणतात. आमच्या दोन तक्रारी आधी झाल्या आहेत, ही तिसरी. तिसरी कायम झाली की चॅनल बंद होतं, आणि त्यावरचं सगळं पठण जातं.”

“मग वडिलांनाच म्हणायला लावा. लगेच कळेल.”

“तेच तर. वडिलांची स्वरपेटी काढलीये म्हणतात, कर्करोगामुळे. एक शब्द बोलता येत नाही. मूळ मुद्रण ज्या मोबाइलवर होतं, तो मोबाइल बिघडला. आता जे आहे ते फक्त चॅनलवर.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “गुरुजी, या नोकरीत मी एक पाहिलंय. प्रत्येकाचा मोबाइल नेमका तेव्हाच बिघडतो.”

मी कप खाली ठेवला.

“त्या वडिलांचे नाव वामन आहे का?”

त्यांनी कागद चाळले. नाव वामनच होते.

वामन पंचाक्षरी माझा गुरुबंधू. टोक्याला तात्यागुरुजींच्या पाठशाळेत आम्ही बारा वर्षे एकाच चटईवर समोरासमोर बसून शिकलो. नाव वामन, आणि उंची अशी की दारातून आत येताना त्याला वाकावे लागे; तात्या म्हणत, “या, त्रिविक्रम, छप्पर सांभाळा.” तात्यांच्या निधनानंतर मी महाविद्यालयात नोकरी धरली, तो तिथेच राहून मुलांना शिकवू लागला. आमचे भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर ते मिटवता तरी आले असते. प्रथम पत्रे येत, पुढे दिवाळीचे एक कार्ड, पुढे तेही नाही. तीस वर्षे अशीच गेली.

तो आजारी पडला, त्याचा आवाज गेला, हे मला त्या दिवशी एका वकील मुलीकडून कळले. आणि त्याचा उरलेला आवाज माझा म्हणून मी नुकतीच सही करून चुकलो होतो.

“तो कागद मला परत द्या,” मी म्हणालो. “हा आवाज वामनचा आहे.”

“पण आत्ताच तुम्ही—”

“आत्ता मला तो माझा वाटला. आमच्याकडे गुरूचे ध्येयच ते असते. दोन शिष्यांत फरक राहिला, तर शिक्षण अपुरे राहिले असे समजतात.”

त्या म्हणाल्या, “आणि आमच्याकडे फरक राहिला नाही, तर चोरी समजतात.”

मग त्यांनी मला कायदा समजावून सांगितला, आणि मोठ्या सबुरीने सांगितला. वेदावर कोणाचाच कॉपीराइट नाही. पठण ज्याने स्वतः करून मुद्रित केले, त्या मुद्रणापुरता हक्क त्याचा, किंवा ज्याला त्याने दिला त्याचा. वामनने स्वतः म्हटले असेल, तर चॅनल निर्दोष आहे. परंतु ती दोन मुद्रणे भिन्न आहेत हे कोणालाही ऐकू येईल, मोजता येईल, अशा रीतीने दाखवावे लागेल. “‘मला आता आठवलं’ एवढ्यावर माझे साहेब सही बदलू देणार नाहीत. ते म्हणतील, म्हातारा माणूस, मित्रासाठी विरघळला. माफ करा हं.”

“चुकीचे काय आहे त्यात?” मी म्हणालो. “म्हातारा आहेच.”

सोमवारी परत येईपर्यंत तो कागद पुढे पाठवणार नाही, असे त्यांनी कबूल केले. माझ्या जुन्या संगणकावर दोन्ही मुद्रणे उतरवून दिली, आपला हेडफोनही ठेवला. जिना उतरताना वळून म्हणाल्या, “एकच फरक पुरे होईल, गुरुजी. पण खरा हवा.”

त्या गेल्यावर मी टोक्याला फोन लावला. अपर्णेचा आवाज शांत होता. मी नाव सांगितले. तिने विचारले, दिवाकरकाका म्हणजे तुम्हीच का. मी विनंती केली की वामनजवळ फोन द्यावा. ती म्हणाली, फोनवर बाबा काय करणार? तिने गयावया केली नाही, दोषही दिला नाही. नेवाशाच्या शाळेत ती शिक्षिका होती. शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर शाळेतून आल्या आल्या ती वडिलांना समोर बसवून जमेल तितके मुद्रित करून घेत असे, एवढे तिने सांगितले. पाठशाळेतून गेलेली मुले आता दूरदूरच्या गावी पौरोहित्य करतात, अडले की चॅनलवर ऐकतात. ते बंद झाले तर कोणाला विचारायचे, हा तिचा प्रश्न होता. 

नंतरचे दिवस मी ऐकण्यात घालवले. एक खंड त्याचा, तोच खंड माझा. काम विचित्र होते. ज्या कानांना तात्यांनी दोष सहन न करण्याचे वळण लावले, त्याच कानांनी मी आता वामनचा एखादा दोष सापडावा म्हणून जीव टाकत होतो. ऱ्हस्व दीर्घ झाला असेल, एखादा स्वरित सैल पडला असेल, कुठे अवग्रह निसटला असेल. काही सापडेना. जिथे मी मान किंचित डावीकडे झुकवून स्वर वर नेतो, तिथे त्याचाही गळा तसाच वर जाई. ती तात्यांची लकब होती, आणि त्यांना ती मानेतील जुन्या दुखण्यामुळे लागलेली. आम्ही दुखणेसुद्धा पाठ केले होते.

कामवाली बाई येऊन गेली, दूधवाला येऊन गेला. इतके दिवस सलग कोणाचा तरी आवाज घरात असण्याची सवय मला राहिली नव्हती. हेडफोन काढला की भिंती मागे सरल्यासारख्या वाटत. एकदा तर मी वामनचे पठण चालू असताना स्वयंपाकघरातून “पुढचे जरा सावकाश” असे बोललो, आणि माझे मलाच नवल वाटले.

फरक सापडला तो रविवारी सकाळी, आणि तो शब्दांत नव्हताच. वामन खंड म्हणे, थोडासा थांबे, मग पुढचा खंड म्हणे. त्याच्यामागून मात्र न थांबता तिसरा. तिसऱ्यानंतर पुन्हा थांबे, चौथ्यानंतर नाही. माझ्या पठणात असे थांबणे कुठेच नव्हते. मी मागे जाऊन पाहिले, पुढे जाऊन पाहिले. आरंभापासून अखेरपर्यंत दोन खंडांमधल्या एकाआड एक सांध्यावर तो थांबत होता.

मी हेडफोन काढून ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो. त्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा, घसा बसला आहे का, असे त्याने विचारले.

सोमवारी मुक्ताबाईंनी लॅपटॉपवर दोन्ही ध्वनींच्या रेषा एकाखाली एक लावल्या. माझी रेषा अखंड होती, वामनच्या रेषेत ठरावीक अंतराने सपाट जागा होत्या. त्यांचा चेहरा उजळला. एवढ्या लहान शांतता यंत्र मोजतच नाही, म्हणून त्याने दोन्ही ठसे एक धरले. माणूस मात्र मोजू शकतो. “हे कोणीही कापून जोडून करणार नाही, गुरुजी. चोर शांतता कशाला घालील?” मग त्या रेषेवर बोट ठेवून म्हणाल्या, “पण एकाआड एकच का थांबतात?”

“श्वासासाठी,” मी म्हणालो.

“दरवेळी बरोबर तिथेच?”

“सवय असते एकेकाची.”

त्यांनी नवे विधान तयार केले. पंचाक्षरी हे पठणात एकाआड एक खंडानंतर श्वास घेण्यासाठी थांबतात, मी थांबत नाही, सबब सदर आवाज माझा नाही. मी सही केली. पहिला कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. त्याच आठवड्यात तिन्ही तक्रारी कंपनीने मागे घेतल्या. चॅनल सुरक्षित राहिले, आणि नियमाप्रमाणे माझ्या विधानाची प्रत अपर्णेला पाठवण्यात आली. कर्तव्य पार पडले, असे मी मानले.

दोनच दिवसांनी अपर्णेचा फोन आला. तिने आभार मानले, मग अडखळत म्हणाली, “काका, बाबांनी तुमचं विधान वाचलंय. त्यांनी तुम्हाला बोलावलंय. खरं सांगू का, ते फार चिडलेत.”

मी एसटीने नेवासे फाट्यावर उतरलो आणि तिथून रिक्षा केली. टोक्याला नदी माझ्या आठवणीपेक्षा रुंद दिसली. धरणाचा फुगवटा घाटाच्या पायऱ्यांपर्यंत आला होता. पाठशाळेच्या जागी पत्र्याची शेड होती. वामन तिच्या ओट्यावर बसला होता. उंची तेवढीच, अंग मात्र उतरलेले. गळ्याशी पांढरे फडके बांधलेले होते आणि मांडीवर पाटी होती. मी नमस्कार केला. त्याने मला नीट न्याहाळले आणि पाटीवर लिहिले: “टक्कल पडलं.”

“तुझेही,” मी म्हणालो.

तो हसला नाही. पाटी पुसून त्याने पुन्हा लिहिले. खडू इतका दाबून धरला होता की तो मोडला.

“श्वास?”

 त्याने पुढे लिहिले, अक्षर एकसारखे, पाठशाळेतले: “मध्ये श्वास घेणाऱ्याला तात्या उठवून बाहेर बसवत. मला कधी बसवलं? तू सांग.”

“कधीच नाही.”

“मग जगाला लिहून दिलंस ते काय?”

अपर्णा आमच्या मागे उभी राहून वाचत होती. ती हळूच म्हणाली, “पण बाबा, थांबत तर होतात तुम्ही. मी मुद्रित करताना दरवेळी विचारायचे, मध्येच का थांबता. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

वामनने तिच्याकडे पाहिले नाही. खडूचा तुकडा पाटीवर टेकला होता, पण लिहीत काही नव्हता. मग मीच तिच्याकडे वळलो.

“घन दोघांनी म्हणायचा असतो, बाळ. समोरासमोर बसून. पहिला खंड एकाने म्हणायचा, दुसरा दुसऱ्याने, तिसरा पुन्हा पहिल्याने. आमच्यात पहिला मान याचा होता. खंड संपवून हा क्षणभर थांबे, मी तिथून उचलून घेई. माझा खंड संपताच मात्र हा लगेच सुरू करी. मी त्याला थांबू देत नसे, तेव्हा माझी तशी घाई असे. एकट्याने म्हणणाऱ्याला कुठेच थांबावे लागत नाही.”

 वामन नदीकडे पाहत होता.

मी त्याला म्हणालो, “वामन, तो श्वास नव्हता, हे मला ऐकताक्षणीच कळले होते. तू माझी जागा ठेवली होतीस. मी आलो नाही, म्हणून माझा खंडही तूच म्हणत होतास, पण आधी वाट पाहून. हे मी कागदावर लिहिले असते, की त्याच्या पठणात एकाआड एक जागा माझी आहे, तर त्या मुद्रणात माझा वाटा आहे असे त्यांनी धरले असते. माझे सगळे हक्क मी कंपनीला देऊन बसलो आहे. ती जागाही त्यांचीच झाली असती, आणि तिच्याबरोबर तुझा आवाज गेला असता. म्हणून मी तुझ्या नावे दोष लिहिला.”

वामनने मान खाली घातली. ओट्यासमोरून माणसे नदीकडे जात होती, येत होती. त्याने पाटीवरचे सगळे पुसले, धोतराच्या सोग्याने कोरडे केले, आणि पाटी बाजूला भिंतीला टेकवून ठेवली. मग त्याने समोरच्या चटईकडे बोट केले.

मी बसलो. गुडघे दुखले, त्याचेही दुखले असावेत.

आमच्या वेदशाखेत स्वर केवळ गळ्याने म्हणत नाहीत. उजवा हात उचलून, खाली नेऊन, बाजूला वळवून दाखवतात. ज्याला ठाऊक आहे त्याला हातावरून शब्द वाचता येतो. वामनने डोळे मिटले आणि हात छातीसमोर आणला. अपर्णेने सवयीने मोबाइल उचलला होता. न पाहताच त्याने डाव्या हाताने तिला थांबवले, आणि तिने तो पदराआड ठेवून दिला.

त्याच्या हाताने पहिला खंड म्हटला. पदे पुढे गेली, मागे वळली, पुन्हा पुढे आली. एक बोटही चुकले नाही. खंड संपला आणि हात हवेत स्थिर राहिला.

मी उचलून घेतले. माझा आवाज त्या पत्र्याखाली मला परका वाटला, कारण इतकी वर्षे मी त्याला एकटाच ऐकत आलो होतो. माझा खंड संपल्यावर मी घाई केली नाही. थांबलो. त्याचा हात पुन्हा हलू लागेपर्यंत थांबलो.

ऊन ओट्यावरून उतरून गेले तरी आम्ही म्हणत होतो.

वामन पुढच्या वैशाखात गेला. त्यानंतर श्रुतिधनकडून उरलेल्या अध्यायांच्या मुद्रणाविषयी दोनदा विचारणा झाली. दुसऱ्या वेळी मुक्ताबाई स्वतः बोलल्या; तब्येत बरी नाही का, असे त्यांनी काळजीने विचारले. तब्येत उत्तम आहे, मी म्हणालो, परंतु घन एकट्याने म्हणणे आता मला जमत नाही.